ऊट आय्ता?

म्हैसूरच्या बोलीत अभिवादनाची जागा पुष्कळदा एक प्रश्न घेतो : ‘ऊट आय्ता?’ जेवण झाले का? फाटकाशी आलेला भाजीवाला तो विचारतो, शेजारीण कुंपणावरून विचारते, बँकेतला ओळखीचा कारकून काउंटरपलीकडून विचारतो. उत्तरही ठरलेले असते : ‘आय्तु’. झाले. मराठी घरांत ‘जेवलात का?’ या प्रश्नाचे स्थान याहून निराळे नाही. या विचारण्यात आपुलकी असते, यात शंका नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतकी गुळगुळीत झाली आहेत की, समोरच्याच्या पोटाविषयी त्यांतून काही कळते असे म्हणता येणार नाही. भुकेलेला माणूस संकोचाने ‘झाले’ म्हणतो. ज्याची भूकच मेली आहे, तोही ‘झाले’च म्हणतो.

सरस्वतीपुरममधल्या एका जुन्या घरातल्या मराठी गृहस्थांनी हा प्रश्न पन्नासांहून अधिक वर्षे ऐकला आणि विचारला. ते मूळचे निपाणीकडचे. १९७१ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत ते नोकरीस लागले आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले. चेलुवांबा महालात १९५० साली सुरू झालेल्या या संस्थेने म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलांसाठी दुधाची भुकटी करण्याची कृती देशाला दिली, ती त्यांच्या आधीच्या पिढीची कामगिरी. त्यांच्या वाट्याला आले ते अंगावरचे दूध सुटणाऱ्या मुलांच्या पूरक अन्नाचे काम. नाचणीची साधी पेज घट्ट होते. मुलाचे इवलेसे पोट दोन घासांत भरते आणि पोषण मात्र अपुरे पडते. नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून पीठ केले तर त्यातला पिष्टाचा दाटपणा मोडतो; पेज पातळ राहते आणि तरीही तिच्यात अन्नांश पुष्कळ मावतो. या एका साध्या गोष्टीवर त्यांची उमेदीची वर्षे गेली. ज्याला मागता येत नाही आणि नाकारण्याचे कारण सांगता येत नाही, अशा जिवाच्या पोटात चार घास कसे जावेत, हा त्यांच्या शास्त्राचा विषय होता. पुढे उतारवयात तोच विषय एका निराळ्याच रूपाने त्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

ते रूप म्हणजे राखाडी रंगाचा, गोल कानांचा, झुपकेदार शेपटीचा एक चिंचिला. बंगळूरला शिकणाऱ्या नातीने तो पाळला होता. २०२२च्या हिवाळ्यात ती पुढच्या शिक्षणासाठी परदेशी निघाली तेव्हा तिने पिंजरा, गवताची पुडकी, धुळीच्या अंघोळीचे भांडे आणि एक वही आजोबांच्या स्वाधीन केली. प्राण्याचे नाव कापूस. वहीच्या पहिल्या पानावर तिने सूचना लिहिल्या होत्या : ‘उन्हाळ्यात खोली थंड ठेवा. रोज गवत भरपूर. सुका मेवा नाही. दर रविवारी वजन करा आणि इथे लिहा. आजोबा, हे शेवटचे विसरू नका.’

म्हैसूरसारख्या गावी हा प्राणी असणे हीच मुळात एक विसंगती होय. चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा रहिवासी. तेथील कोरड्या, थंड, खडकाळ उतारांवर तो कळपाने राहतो. माणसाच्या त्वचेतल्या एका रंध्रातून साधारणतः एखादा केस उगवतो. चिंचिलाच्या एका रंध्रातून पन्नास-साठ केसांचा झुपका निघतो. या अतिमृदू लोकरीपायी त्याची अमाप शिकार झाली. १९१० साली चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पेरू या देशांनी करार करून ती थांबवू पाहिली, तोवर रानातले बहुतेक कळप संपत आले होते. १९२३ साली मॅथियस चॅपमन नावाच्या अमेरिकी खाण-अभियंत्याने अकरा चिंचिला कॅलिफोर्नियात नेले. खालच्या उष्ण हवेची सवय व्हावी म्हणून त्याने त्यांना डोंगरावरून टप्प्याटप्प्याने, दीर्घ काळ लावून उतरवले होते. आज जगभर घरांत आणि पैदासकेंद्रांत असलेले पुष्कळसे चिंचिला त्या अकरांचे वंशज मानले जातात. रानातल्या दोन्ही जाती मात्र नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत. कापसाच्या अंगावरचा तो दाट झगा थंड पर्वतासाठी विणलेला होता, आणि तो अंगावर घेऊन तो समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांवरच्या म्हैसुरात एप्रिल महिना काढत होता.

त्याच्या पोटाची रचनाही त्या पर्वतानेच घडवलेली. वाळके गवत, झुडपांची साल, काटक्या असे रुक्ष अन्न दीर्घकाळ चघळावे आणि मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या अंधांत्रात जंतूंकरवी ते आंबवून घ्यावे, ही त्याची रीत. आंबवलेल्या मऊ लेंड्या तो पुन्हा खातो आणि पहिल्या फेरीत निसटलेले पोषण दुसऱ्या फेरीत मिळवतो. त्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेले पुढेच सरकले पाहिजे. वीस दात आहेत आणि विसांच्या वीस जन्मभर वाढतात. पुढचे दात वर्षाला पाच सेंटिमीटरांहून अधिक. गवत चघळूनच ते झिजतात. तेव्हा या प्राण्याच्या बाबतीत खाणे ही केवळ भूक भागवण्याची क्रिया नाही. खाण्यानेच आतडे चालते, खाण्यानेच दात झिजतात, खाण्यानेच पोटातल्या जंतूंचे राज्य सुरळीत राहते. खाणे थांबले की आतडे मंदावते. मंदावलेल्या आतड्यात वायू धरतो. वायूने दुखू लागते. आणि दुखते म्हणून खाणे आणखी नकोसे होते. एकदा हे चक्र सुरू झाले की दिवसांचा हिशेब उरत नाही, तासांचा उरतो.

२०२४चा उन्हाळा दक्षिण कर्नाटकात कडक होता. पाडव्याला घरी पाहुणे आले. श्रीखंडासाठी आणलेल्या बेदाण्यांतला एखादा पिंजऱ्यातून आत गेला. दोन्ही पुढच्या पंजांत बेदाणा धरून, मागच्या पायांवर बसून खाणारा कापूस पाहताना पाहुण्यांची मुले हसली. म्हणून दुसरा गेला, तिसरा गेला. पाहुणे गेल्यावरही रोज संध्याकाळी एक-दोन बेदाणे देण्याचा परिपाठ पडला. म्हाताऱ्या माणसाच्या हातून कोणी आवडीने काही घेते, याचा आनंद लहान नसतो. त्याच सुमारास गवताचे पुडके संपत आले होते आणि नवे यायला वेळ लागत होता. उरलेले गवत पुरवून पुरवून दिले जात होते. गुडघा दुखत असल्यामुळे माळ्यावरचा वजनकाटा काढण्याचा कंटाळा झाला आणि वहीतले तीन-चार रविवार कोरे राहिले. यांतली कोणतीही गोष्ट अपराध म्हणण्याजोगी नव्हती.

रामनवमीनंतरच्या एकादशीला सकाळी गोळ्यांची वाटी जशीच्या तशी आढळली. चिंचिला रात्री जागतो, पहाटे थकतो. सकाळी त्याने खाल्ले नाही तर त्यात विशेष नाही. परंतु रात्रीचे अन्नही तसेच होते. घरकामाला येणारी बाई ओणवी होऊन पाहू लागली आणि हसत म्हणाली, ‘सार, इवत्तु एकादशी.’ आज एकादशी, त्यालाही कळले. गृहस्थही हसले.

मराठी मनाला अन्न नाकारण्याचे किती अर्थ ठाऊक आहेत, हे पाहण्यासारखे आहे. मूल जेवत नाही तेव्हा ते रुसलेले असते. सून जेवत नाही तेव्हा तिचा कोणावर तरी राग असतो. शोकाच्या घरात अन्न गोड लागत नाही. व्रतस्थाने ते पुण्यासाठी सोडलेले असते, सत्याग्रह्याने तत्त्वासाठी. या प्रत्येक नकाराला कर्ता आहे आणि हेतू आहे. ताट दूर सारणारा आपल्याला काही सांगू इच्छितो, असे आपण गृहीत धरतो आणि त्याची समजूत घालू लागतो. आयुर्वेदाची दृष्टी या बाबतीत अधिक थंड डोक्याची आहे. घास तोंडात घेऊनही चव न लागणे हा अरोचक. अन्नाच्या नुसत्या आठवणीने, दर्शनाने उद्वेग येणे हा भक्तद्वेष. क्रोध किंवा भय यांमुळे अन्नाची इच्छाच न होणे हा अभक्तच्छंद. असे भेद करून तो नकाराला लक्षणाच्या पातळीवर आणतो. लक्षणाची समजूत घालता येत नाही. ते ओळखावे लागते.

त्या दिवशी दुपारपर्यंत घरात समजूत घालणेच चालले होते. कापूस कोपऱ्यात पाठ फिरवून, अंग आखडून बसला होता. उन्हामुळे मलूल असेल म्हणून संगमरवराची फरशी पंख्याखाली गार करून पिंजऱ्यात ठेवली गेली. रुसला असेल म्हणून बेदाणा पुढे केला. त्याने तो घेतला नाही. नाक जवळ नेले आणि तोंड वळवले.

आवडीची वस्तू नाकारली गेली, तेव्हा गृहस्थांच्या मनातला शास्त्रज्ञ जागा झाला असे म्हणता येईल. त्यांनी पिंजऱ्यातला कागद बाहेर काढला. एरवी कागदावर शंभर-दोनशे लेंड्या पडलेल्या असत. ठसठशीत, लांबट, तांदळाच्या मोठ्या दाण्यासारख्या. त्या दिवशी मोजून एकवीस होत्या. बारीक, कोरड्या, टोकदार. म्हणजे खाणे त्या सकाळी थांबले नव्हते. ते आदल्या दिवशी, कदाचित त्याच्याही आदल्या दिवशी कमी झाले होते. वाटीने ते लपवले होते, कागदाने सांगितले. त्यांनी शेजारच्या मुलाला बोलावून माळ्यावरचा काटा काढवला. वहीत २४ मार्चच्या रविवारी ५६४ ग्रॅम अशी नोंद होती. काट्याने आता ५१२ दाखवले. दाट लोकरीखाली बावन्न ग्रॅम नाहीसे झाले होते आणि डोळ्यांना त्याचा पत्ता नव्हता. हाताला मात्र लागला. पाठीच्या कण्याच्या गाठी बोटांना जाणवल्या.

शिकारी पशूंचे भक्ष्य असलेले प्राणी आजार लपवतात. कळपात जो लंगडतो, त्याच्यावर घारीची आणि कोल्ह्याची नजर प्रथम पडते. म्हणून शेवटच्या टोकापर्यंत धडधाकट दिसत राहणे हीच त्यांच्या जगण्याची युक्ती असते. पिंजऱ्यात घार नसते, पण युक्ती रक्तात असते. अशा प्राण्याला पाळणाऱ्याने त्याच्या चेहऱ्यावर विसंबू नये. लेंड्या मोजाव्यात, वजन करावे, हनुवटीखालची लोकर ओली आहे काय ते पाहावे. ओली असेल तर लाळ गळते आहे, म्हणजे दाढेचे टोक जिभेला किंवा गालाला टोचत असण्याचा संभव आहे. वाटीपाशी जाऊन, घास उचलून टाकून देणारा प्राणी आणि वाटीकडे न फिरकणारा प्राणी यांतही भेद आहे : पहिल्याला इच्छा आहे पण जमत नाही, दुसऱ्याची इच्छाच गेली आहे. पहिल्याचे मूळ बहुधा तोंडात असते, दुसऱ्याचे पोटात किंवा अन्यत्र.

नातीला फोन लागला तेव्हा तिच्याकडे पहाट होती. तिने ओरडा केला नाही. ‘आजोबा, किती तास झाले?’ एवढेच तिने विचारले, आणि उत्तर ऐकून म्हणाली, ‘मग उद्यावर टाकू नका. आत्ताच न्या.’

म्हैसुरात गाईगुरांचे आणि कुत्र्यामांजरांचे वैद्य पुष्कळ. अशा परदेशी कृंतकाला हात लावणारे थोडे. दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्या ठिकाणी एक तरुण डॉक्टर भेटले. सशांचा आणि गिनीपिगांचा त्यांना अनुभव होता. कान तपासण्याच्या दिव्याने त्यांनी दाढा पाहिल्या. पुढचे दात पिवळे-नारिंगी होते. चिंचिलाच्या बाबतीत ते आरोग्याचे चिन्ह होय. नराच्या इंद्रियाभोवती कधी केसांचे कडे आवळते आणि त्या वेदनेनेही तो अन्न सोडतो, म्हणून तेही पाहिले. पोटावर नळी ठेवून ते बराच वेळ ऐकत राहिले. निरोगी पोटात गुरगुर चालू असते; येथे जवळजवळ शांतता होती. क्ष-किरणांच्या चित्रात वायू दिसला, अडथळा दिसला नाही. त्यांनी कातडीखाली क्षारजल दिले, वेदनाशामक दिले, आणि मग विचारले, ‘शेवटचे वजन कधी केले होते?’

गृहस्थांनी वही पुढे केली. नोंद चार आठवड्यांपूर्वीची होती, पण होती. ती पुढे करताना त्यांचा हात थरथरला, तो वयामुळे असे डॉक्टरांना वाटले असावे.

हाच प्रश्न त्यांना पूर्वी एकदा, दुसऱ्या एका टेबलासमोर विचारला गेला होता. २०१६च्या चातुर्मासात त्यांच्या पत्नीचे उपवास वाढले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या हे जुनेच होते. त्यांत शनिवार आला, मग प्रदोष आला. ‘तुझ्या पंचांगात जेवणाचे वार उरले तरी किती?’ असे ते थट्टेने म्हणत आणि ‘तुम्ही जेवा हो,’ असे म्हणून त्या वाढत. उपवासाच्या ताटातली साबुदाण्याची खिचडीही पुढे पुढे अर्धी उरू लागली. बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकू लागल्या. ब्लाउजला आतून टाचणी लागू लागली. शेजारीण कुंपणावरून ‘ऊट आय्ता, अम्मा?’ म्हणून विचारी आणि त्या ‘आय्तु, आय्तु’ म्हणून हसत. दिवाळी झाली. मार्गशीर्षात एके दिवशी देवघरापुढून त्यांना उठता येईना, तेव्हा दवाखाना गाठला गेला. पोटातली गाठ पसरली होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला : ‘किती महिन्यांत किती वजन कमी झाले?’ ज्या माणसाने नोकरीतली सगळी वर्षे पिठाची आणि पेजेची वजने मिलिग्रॅमपर्यंत नोंदवली, त्याच्यापाशी या प्रश्नाला उत्तर नव्हते. घरात काटा नव्हता असे नाही. तो धान्यासाठी होता. २०१७च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

त्यांनी ते मुद्दाम लपवले काय, हा प्रश्न गृहस्थांनी स्वतःला अनेकदा विचारला असणार. बहुधा त्यांना स्वतःलाही ते पुरते ठाऊक नसावे. भूक कमी झाली, हे सांगण्याजोगे दुखणे आहे असे त्या पिढीच्या बायकांना वाटतच नसे. घरात सर्वांचे वाढून झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या बाईने एक पोळी कमी खाल्ली, तर ते मोजणारे कोणी नसते. उपवासाने त्या न खाण्याला एक प्रतिष्ठित नाव दिले, आणि त्या नावाच्या आडोशाने आजार चार महिने बिनबोभाट चालत राहिला. तसे पाहिले तर एका समंजस, सुशिक्षित बाईची आणि मुठीएवढ्या जनावराची तुलना करणे औचित्याला सोडून आहे. परंतु दोघांच्या भोवती असलेल्या माणसाची चूक एकच होती. त्याने नकाराचा अर्थ लावला; नकार मोजला नाही. आणि अर्थ लावला तोही प्रेमानेच. त्या चुकीतली खरी कठीण गोष्ट ही आहे.

कापसाच्या बाबतीत पुढचे काम हातांचे होते. सुई काढलेल्या पिचकारीने दर तीन-चार तासांनी थोडे थोडे भरवायचे. काय भरवायचे, हे ऐकण्याआधीच गृहस्थ म्हणाले, ‘मोड आलेल्या नाचणीची पातळ पेज देतो.’ त्यांच्या आयुष्याचे सार त्या एका वाक्यात होते. डॉक्टरांनी नम्रपणे नकार दिला. सहज पचणारे पिष्ट माणसाच्या बाळाला तारते. चिंचिलाच्या अंधांत्रात ते भलत्याच जंतूंना पोसते आणि वायू वाढवते. त्याला हवा तो चोथा. गवताच्या गोळ्या दळून, चाळून, कोमट पाण्यात कालवून त्याचा लगदा द्यायचा. बेदाणे बंद, साखरेचेही दुष्परिणाम तेच. घरातले माणसाचे कोणतेही औषध द्यायचे नाही; पेनिसिलिनच्या वर्गातली काही औषधे तोंडावाटे गेली तर पोटातल्या उपकारक जंतूंचा नाश होऊन प्राणी दगावतो. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली : पोट फुगून ताठ झाले, तर भरवणे थांबवून लगेच घेऊन यायचे. अडलेल्या आतड्यात बळाने अन्न लोटणे घातक. म्हणून भरवण्याआधी तपासणी, हाच क्रम.

तीन रात्री हे चालले. मिक्सरमध्ये गोळ्या दळताना घरभर वाळल्या कुरणाचा वास पसरे. पिठाची जाडी पिचकारीच्या तोंडातून जाईल इतपत आणि चोथा चोथाच राहील इतपत साधणे सोपे नव्हते; चाळण्या बदलून बदलून ती साधली. पेज नाकारली गेली तरी दळण्या-चाळण्याचे कसब कामी आले. टॉवेलमध्ये अंग गुंडाळायचे, छातीवर दाब येऊ द्यायचा नाही, डोके वर उलथू द्यायचे नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत बाजूने पिचकारीचे टोक घालायचे आणि अर्धा मिलिलिटर सोडून थांबायचे. तो चघळतो, गिळतो. मग पुढचा थेंब. घाई केली तर लगदा फुफ्फुसात जाण्याचे भय. पहिल्या रात्री त्याने निम्मे बाहेर ढकलले. खोलीत वातानुकूलन यंत्र अखंड चालू होते आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ अंगावर शाल घेऊन पहाटे तीन वाजता एका परक्या पर्वतावरच्या जिवाला थेंब थेंब भरवत बसले होते. प्रत्येक खेपेनंतर वहीत नोंद होई : किती दिले, किती गेले, किती लेंड्या. एकवीस. चौदा. नऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन ५०४ भरले.

पत्नीच्या अखेरच्या महिन्यात त्यांनी तिलाही चमच्याने भरवले होते. त्या वेळीही पेज नाचणीचीच होती, आणि ती उत्तम होती. तिने प्रत्येक चमचा घेतला; त्यांच्यासाठी घेतला असावा. त्या आठवणीत आता एक गोष्ट नव्याने टोचत होती. कापूस जे नको ते सरळ बाहेर ढकलत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी कागदावर सत्तावीस लेंड्या होत्या. रात्री साडेदहाच्या सुमारास वीज गेली, पंखा आणि यंत्र थांबले, आणि त्या अकस्मात शांततेत पिंजऱ्याच्या कोपऱ्यातून एक बारीक, कोरडा, नियमित आवाज येऊ लागला. नव्या पुडक्यातली गवताची काडी दोन पंजांत आडवी धरून तो चघळत होता. गृहस्थांनी दिवा लावला नाही. वीज येईपर्यंत ते तो आवाज ऐकत राहिले आणि मग वहीत वेळ लिहिली. वजन ५०४वरून मूळ पदावर यायला पुढे पाच आठवडे लागले. डॉक्टरांच्या मते कारण एकच नव्हते : उष्मा, तुटपुंजे गवत, गोड खाऊ. तिन्ही मिळून पोट थंडावले. पुन्हा होणार नाही याची हमी कोणी दिली नाही. तेव्हापासून वजनकाटा माळ्यावर गेला नाही. जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी त्याची जागा कायम झाली.

त्या चौथ्या सकाळी घरकामाची बाई आली. वाटी थोडी रिकामी झालेली पाहून तिने देवाला हात जोडले. मग टेबलाशी बसलेल्या गृहस्थांकडे वळून तिने रोजच्यासारखे विचारले, ‘सार, ऊट आय्ता?’ उत्तर त्यांच्या ओठांवर आलेच होते. पण त्यांनी क्षणभर थांबून हिशेब केला. आदल्या दुपारी दोन घास दहीभात, त्यानंतर चहा, पुन्हा चहा. ते म्हणाले, ‘इन्नू इल्ल.’ अजून नाही.

बाईने पिशवी खाली ठेवली आणि ती स्वयंपाकघरात गेली.